पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात एकूण सात टेबलं आहेत. सहा दस्तलेखकांची आणि एक माझं. ते सांगतात, मी टाइप करते. चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत घरं, गाळे, गोदामं, अर्धी विहीर, एकदा तर नुसता जिना, एवढं सगळं माझ्या बोटांखालून एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेलं आणि मी अजून भाड्याच्या खोलीत राहते. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवलं.

मला एक खोड आहे. टाइप करताना एखादा शब्द अडला की तो तिथं कशाला आहे, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाच दस्तलेखक या खोडीला वैतागलेले आहेत. 'सदरहू' म्हणजे काय विचारलं तर म्हणतात, सदरहू म्हणजे सदरहू, तू पुढं चल. उत्तर देतात ते फक्त सहाव्या टेबलावरचे काका. त्यांना सगळा व्हरांडा होकायंत्र म्हणतो, कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खरोखरीचं होकायंत्र असतं. डबीएवढं, पितळी. दस्तलेखकाला होकायंत्र कशाला लागतं, हा माझा त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला त्यांनी दोन दिवस घेतले आणि मध्ये चार चहा माझ्या खर्चानं प्यायले.

उत्तर असं होतं. कोणत्याही दस्तात जागेचं वर्णन येतं तिथं चार ओळी ठरलेल्या असतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस हे, उत्तरेस ते. या चार ओळींना चतुःसीमा म्हणतात. मी विचारलं, जागा तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब आहे एवढं लिहिलं की झालं ना, शेजारी कोण राहतो याच्या चौकशा कशाला, सोयरीक जुळवायची आहे का? काकांनी पेन खाली ठेवलं. तीस बाय चाळीसच्या जागा या शहरात हजारभर तरी असतील, म्हणाले. फुटांवरून जागा केवढी ते कळतं, कुठली ते कळत नाही. कुठली, ते शेजाऱ्यांवरूनच कळतं. आणि मोजमाप एक सांगतंय, चतुःसीमा दुसरंच सांगतेय, असं झालं तर बहुतेक वेळा चतुःसीमेवरच विश्वास ठेवतात. मला याची मोठी गंमत वाटली. टेपपेक्षा शेजाऱ्यांवर भरवसा ठेवणारा कायदा माझ्या चाळीत एक महिना राहायला हवा होता.

तर या चार ओळींसाठी काका जागेवर जातात. सायकलवरून. बाकीचे पाच जण जुना दस्त पुढ्यात ओढतात आणि त्यातल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवतात. त्यामुळे कागदोपत्री आमच्या शहरात अजून एक बर्फाचा कारखाना चालू आहे, दोन तबेले आहेत आणि मरून वीस वर्षं झालेला एक न्हावी चार घरांच्या उत्तरेस ठाण मांडून बसलेला आहे. काका हे खपवून घेत नाहीत. जागेवर जायचं, होकायंत्र तळहातावर ठेवायचं, सुई थांबेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, मग एकेका भिंतीपलीकडं कोण आहे ते विचारत सुटायचं. पलीकडचा माणूस दारात आला की त्याचंही सगळं विचारून घ्यायचं. काकू म्हणतात, यांना हॉटेलात नेलं तरी शेजारच्या टेबलावर कोण आहे ते आधी बघतात, मग खातात.

उतरवणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. नक्कलबहाद्दर म्हणायचे त्यांना. पाचव्या टेबलावरच्या दस्तलेखकाला तर भर व्हरांड्यात विचारायचे, काय हो, आज त्या न्हाव्याकडं जाऊन आलात का? तो बिचारा हसायचा. मलाही हसू यायचं. खोटं कशाला बोलू, काकांचा तोरा बघायला मजा यायची. चाळीस वर्षांत आपली एक चतुःसीमा चुकलेली नाही, हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडायचंच.

मागच्या वर्षी सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, वय अठ्ठ्याहत्तर, अंगात अजून वॉर्डातली शिस्त. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खुर्ची पुसली. त्यांना आपलं घर भाचीच्या नावावर करायचं होतं. ही भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर सहा वर्षांची असल्यापासून सिस्टरांनीच वाढवलेली, आता औषधांच्या दुकानात काम करणारी. सिस्टरांना स्वतःचं मूल नाही, नवरा नाही, आहे ते हे घर. खाली दोन खोल्या, वर दोन. रात्रपाळ्यांच्या पैशातून बांधलेलं. माझ्या मागं हिला दारोदार फिरायला लागू नये, एवढंच, असं त्यांनी सांगितलं आणि जुना दस्त टेबलावर ठेवला. बक्षीसपत्र म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात सोपा दस्त. अर्ध्या दिवसाचं काम.

काका अर्थातच जागेवर निघाले. शनिवार होता, टेबलावर काम नव्हतं, म्हणून मीही गेले. उत्तरेला रस्ता, रस्त्याला लागून एकसारखी दोन फाटकं, दोन घरं, मागं शाळेची लांबच लांब भिंत. मूळची ही एकच मोठी जागा. सव्वीस वर्षांपूर्वी शेजारच्या छापखान्याच्या मालकांनी तिचे दोन भाग केले आणि एकाच दिवशी दोघांना विकले, एक सिस्टरांना आणि एक घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना. घड्याळजींनी आपला भाग बायकोच्या नावावर घेतला होता. ते चार वर्षांपूर्वी वारले. बायको तिथंच राहते, मुलगा परगावी.

काकांनी अंगणात होकायंत्र काढलं. सुई थांबली. मी जुना दस्त वाचायला लागले. पूर्वेस घड्याळजींच्या पत्नीची जागा. काकांनी पूर्वेला पाहिलं. पूर्वेला लाकडाची वखार होती. मी पुढं वाचलं, पश्चिमेस छापखाना. काकांनी पश्चिमेला पाहिलं. पश्चिमेला घड्याळजींचं घर होतं आणि छापखाना त्याच्याही पलीकडं. काकांनी होकायंत्र हलवून पुन्हा ठेवलं. सुईला काही वाटलं नाही, ती पुन्हा तिथंच थांबली.

बरं, वखार नवी आहे का, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, छे, मी जागा घेतली तेव्हाही होती, रात्रपाळी करून आलं की करवतीच्या आवाजानं झोप लागायची नाही. काकांनी माझ्या हातातून दस्त घेतला आणि शेवटचं पान उघडलं. अगदी तळाशी, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर, 'लेखनिक' असं लिहिलेलं असतं आणि पुढं लिहिणाऱ्याची सही. ती सही मी रोज बघते. काकांची होती.

सोमवारी त्यांनी अर्ज करून शेजारच्या घराच्या दस्ताची नक्कल काढली. तिथंही तेच, फक्त उलट. कागदावर सिस्टरांच्या मालकीचा होता पश्चिमेचा भाग, म्हणजे घड्याळजींचं घर. आणि घड्याळजींच्या बायकोच्या मालकीचा होता पूर्वेचा भाग, म्हणजे सिस्टरांचं घर, वरच्या दोन खोल्यांसकट. सव्वीस वर्षं दोघी एकमेकींच्या घरात राहत होत्या. घरपट्टी दारावर येते, चतुःसीमा बघून येत नाही, त्यामुळे कोणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं.

हे झालं कसं, ते काकांच्या जुन्या कच्च्या वहीत सापडलं. त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, डावीकडची सिस्टर, उजवीकडची घड्याळजी. छापखान्याच्या मालकांनी तसं सांगितलं असणार. रस्त्यावर, फाटकांकडं तोंड करून उभा राहिलेला माणूस तसंच सांगेल आणि ते बरोबरच होतं. पण घरं उत्तरेकडं तोंड करून आहेत. त्यांच्याकडं बघणाऱ्याचं तोंड दक्षिणेला असतं आणि त्याच्या डाव्या हाताला पूर्व येते. काका मात्र या व्हरांड्यात, टेबलापाशी बसून लिहीत होते. त्यांच्या डोक्यात होता नकाशा, आणि नकाशात डावीकडं पश्चिम. त्या दिवशी पाच दस्त नोंदवायचे होते, ते जागेवर गेले नव्हते. एवढंच. एक चक्कर वाचवली होती.

पाचव्या टेबलावरचे दस्तलेखक स्वभावानं वाईट नाहीत. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सल्ला दिला, की जुन्या चार ओळी आहेत तशा उतरवा आणि बक्षीसपत्र करून मोकळे व्हा, सव्वीस वर्षं चाललं तसं पुढंही चालेल. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणाले. कोण बघायला जातंय? काका माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भाचीला घर द्यायचंय त्यांना. मी शेजारणीचं घर लिहून देऊ?"

मला माझीच लाज वाटली. चौदा वर्षं शब्दांचे अर्थ विचारत होते आणि एवढी साधी गोष्ट कळली नव्हती.

ही चूक दुरुस्त करायला एक कागद असतो. त्याला चूकदुरुस्ती पत्र म्हणतात. जुन्या दस्तात अमुक चुकून लिहिलं गेलं, त्याऐवजी तमुक वाचावं, असं त्यात लिहितात. फक्त एक अट असते. ज्यांनी मूळ दस्त केला त्या सगळ्यांनी राजीखुशीनं सह्या करायच्या. चूक ज्यानं केली त्याच्या सहीला काही किंमत नाही. छापखान्याचे मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे, कानानं अधू, पण ते सही करतील असं म्हणाले. आपण डावीकडचीच सांगितली होती, हे मात्र त्यांनी आम्हाला तीनदा ऐकवलं. सिस्टर करणारच. उरल्या घड्याळजींच्या पत्नी. त्यांना आळीत सगळे वहिनी म्हणतात. वहिनी आणि सिस्टर अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण पन्हळ. सिस्टरांनी वरच्या खोल्या बांधल्या तेव्हा पन्हळीचं तोंड चुकलं आणि छपराचं पाणी वहिनींच्या अंगणात पडलं. पन्हळ आठवड्यात फिरवली, पण त्या आठवड्यात दोघी जे बोलायचं नाही ते बोलून बसल्या. तेव्हापासून एकीचं फाटक उघडलं की दुसरी आत.

काका आधी सिस्टरांकडं गेले. मी बरोबर होते, मला कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कच्ची वही सुद्धा दाखवली. सिस्टर ताठ बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी आम्ही पेशंटच्या पायावर पेनानं बाण काढायचो. समोर उभं राहिलं की डावं उजवं होतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

"बाण काढायला एक मिनिट लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यायला किती वेळ लागला असता?"

"सायकलनं वीस मिनिटं," काका म्हणाले.

निघताना सिस्टरांनी मला हळूच विचारलं, तिनं नाही म्हटलं तर? मी सांगितलं, की मग कोर्टात जावं लागेल आणि एवढ्या वर्षांचा ताबा बघून निकाल बहुधा तुमच्याच बाजूनं लागेल. किती दिवसांनी, हे त्यांनी विचारलं आणि मी मान खाली घातली. त्यांच्या वयाला तो आकडा सांगण्यासारखा नव्हता.

मग वहिनी. लहानखुऱ्या, चष्मा कपाळावर ढकललेला. बाहेरच्या खोलीत घड्याळजींचं दुरुस्तीचं टेबल कापड घालून तसंच ठेवलेलं. काकांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. वहिनींनी दोन्ही दस्त हातात घेतले, उलटून पालटून बघितले आणि विचारलं, म्हणजे कागदावर तिचं घर माझं आहे? काका म्हणाले, हो. वरच्या खोल्यांसकट? हो. वहिनींनी आतल्या खोलीत जाऊन मुलाला फोन लावला. भिंत पातळ होती. मुलगा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण वहिनी दोनदा म्हणाल्या, सही करू नको म्हणतोस, बरं. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा काही वेगळाच दिसत होता. रागाचा नाही, लोभाचाही नाही. बंद पेटी हातात आलेल्या माणसाचा असतो तसा.

"सहीचं नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मला माझं घर बघायचंय."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी चपला घातल्या होत्या. काकांनी माझ्याकडं पाहिलं, मी काकांकडं. मग आमची वरात दहा पावलांवरच्या फाटकाकडं निघाली. सिस्टरांनी दार उघडलं. समोर वहिनी. मला वाटलं आता दार बंद होणार. सिस्टर "या" म्हणाल्या. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द, आणि तोही काना न देता म्हटल्यासारखा तुटक.

वहिनींनी घर बघितलं ते एखादी वस्तू पारखून घ्यावी तसं. कशाला हात लावला नाही. स्वयंपाकघरात फळीवर डबे उंचीप्रमाणं लावलेले होते, ते बघून त्या नाकातून हसल्या. भाचीच्या खोलीत औषधांच्या कंपनीची दिनदर्शिका होती, ती थांबून वाचली. मग म्हणाल्या, वर जायचंय. जिन्यात अंधार होता, दुपारची वेळ असून. वहिनी पुढं होत्या. त्या दिव्याचं बटण शोधत भिंतीवरून हात फिरवायला लागल्या. या बाजूला, त्या बाजूला. सापडेना. शेवटी सिस्टरांनी मागून हात लांब करून, न बघता, बटण दाबलं.

वरच्या खिडकीतून वहिनींचं सगळं अंगण दिसतं. पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, तडा गेलेला ओटा, मागचं दार. वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. सिस्टर दारातच थांबल्या होत्या. त्या खोलीत एका बाईच्या सव्वीस वर्षांचा निकाल व्हायचा होता आणि निकाल देणारी खिडकीतून आपलेच वाळत घातलेले टॉवेल बघत होती. अखेर वळून त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. आणि गेल्या.

त्यानंतरचे आठ दिवस काकांनी एकही नवा दस्त घेतला नाही. लोक यायचे, काका त्यांना पाचव्या टेबलाकडं पाठवायचे. न्हाव्याची चौकशी बंद झाली. मी चहा मागवला तर तो तसाच गार व्हायचा. सिस्टर रोज अकरा वाजता फोन करायच्या आणि विचारायच्या, आली का? वॉर्डातल्या तापाच्या नोंदीसारखं, रोज त्याच वेळेला. त्यांनी काकांना एकदाही बोल लावला नाही आणि काकांना तेच जास्त लागत होतं. एकदा मला म्हणाले, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी देऊ का? त्यावर थोडे हसले.

नवव्या दिवशी वहिनी आल्या. एकट्याच. मुलगा काय म्हणतो, असं काकांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, तो वरच्या खोल्यांचं भाडं किती येईल ते सांगतो. मग म्हणाल्या, "तिच्या जिन्यात मला बटण सापडलं नाही. माझ्या घरात मी डोळे मिटून फिरते. जे माझं नाही ते माझं कसं म्हणू? कुठं सही करायची ते सांगा."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं आणि मी त्यांना ते करू दिलं.

पण वहिनी म्हणजे वहिनी. त्यांनी आधी मसुदा वाचायला मागितला. वाचता वाचता अडल्या. सिस्टरांच्या दुरुस्त चतुःसीमेत पश्चिमेस म्हणून वहिनींचं पूर्ण नाव होतं. ते त्यांना पटेना. माझं नाव तिच्या कागदात कशाला? काका म्हणाले, तिचं घर कुठं आहे ते सांगायला. आणि माझ्या कागदात पूर्वेस तिचं नाव? तुमचं घर कुठं आहे ते सांगायला. दुसऱ्या कशानं सांगता येणार नाही का, असं वहिनींनी विचारलं. काका म्हणाले, सांगता येतं, पण दोन्ही जागा सारख्याच मापाच्या आहेत, कोणती कोणाची ते या दोन नावांशिवाय कळायचं नाही. ती उलटी पडली म्हणून तर हा घोळ झाला.

"अकरा वर्षं मी या बाईचं नाव तोंडातून काढलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"तोंडातून काढूच नका," काका म्हणाले. "कागदात राहू द्या."

वहिनींनी मसुदा परत दिला आणि उन्हात निघून गेल्या. रागावल्या की काय, मला कळलं नाही. मला मात्र त्या क्षणी चतुःसीमा कळली. इतकी वर्षं मला वाटायचं, माणसानं आपली जागा आखून घेतली की तिच्या कडा आपोआप तयार होतात. कागद तसं म्हणतच नाही. कागद आधी चारी बाजूंना कोण कोण आहे ते सांगतो आणि मग म्हणतो, त्यांच्यामध्ये जे उरलं ते तुझं. ती चार नावं आवडती असोत नाहीतर नावडती.

मग प्रश्न आला कारणाचा. चूकदुरुस्ती पत्रात चूक का झाली ते लिहावं लागतं आणि सगळे एकच लिहितात, टंकलेखनाच्या नजरचुकीने. दिशा चुको, नाव चुको, अख्खी इमारत चुको, दोष टंकलेखनाचा. आमच्या जातीनं किती पापं अंगावर घेतलीत त्याची मोजदाद नाही. मी सवयीनं 'टंकलेखनाच्या' असं टाइप केलं आणि पुढच्या शब्दावर गेले. काका म्हणाले, ते खोडून टाक. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, 'मूळ दस्ताच्या लेखनिकाने जागेवर न जाता चतुःसीमा लिहिल्यामुळे'. माझी बोटं थांबली. मी म्हटलं, काका, यावरून परवान्यावर नोटीस येऊ शकते. त्यांना माहीत होतं. मी दुसरं सांगून पाहिलं. पुढं ही घरं कोणी कोणाला दिली, विकली, वाटून घेतली, तरी प्रत्येक दस्तात या दस्ताचा उल्लेख येणार, आणि आपले नक्कलबहाद्दर हे वाक्य जसंच्या तसं उतरवत राहणार, आपण गेल्यावरही.

"उतरवू देत," काका म्हणाले. "हे मात्र त्यांनी उतरवावंच."

सह्यांच्या दिवशी छापखान्याचे मालक सगळ्यात आधी हजर होते आणि डावीकडचीच सांगितली होती, हे शिपायाला सांगत होते. सिस्टर भाचीबरोबर आल्या. वहिनी एकट्या आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. नोंदणी अधिकारी तरुण बाई होत्या, घाईत असलेल्या. त्यांनी पहिला दस्त मोठ्यानं वाचायला घेतला. पूर्वेस वखार. पश्चिमेस, आणि वहिनींचं नाव. बरोबर आहे का? सिस्टर हो म्हणाल्या. दुसरा दस्त. पूर्वेस, आणि सिस्टरांचं नाव. वहिनींनी मान हलवली. तोंडानं सांगा, पूर्वेस कोण, अधिकारी म्हणाल्या. मग वहिनींना ते नाव तोंडानं घ्यावंच लागलं. पूर्ण घेतलं, आडनावासकट. सिस्टर जमिनीकडं बघत होत्या, पण त्यांची मान हळूच वर आली.

मग अधिकारी त्या वाक्यापाशी आल्या आणि थबकल्या. हे कशाला, म्हणाल्या. नजरचुकीने म्हटलं की भागतं. खोडून टाका ना, कोणाला गरज आहे याची? त्यांनी दोघींकडं पाहिलं, कारण दस्त दोघींचा होता. लेखनिकाला तिथं बोलायचा हक्क नसतो. काका मागं भिंतीला टेकून उभे होते, दारात आमच्या व्हरांड्यातली बाकीची मंडळी, पाचव्या टेबलासकट. दोघींपैकी एकीनं जरी एक शब्द काढला असता तर ते वाक्य पुसलं गेलं असतं आणि काकांची चाळीस वर्षं कोरी करकरीत राहिली असती.

वहिनींनी सिस्टरांकडं पाहिलं. सिस्टरांनी वहिनींकडं.

"ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "ते सांगायला आले म्हणून कळलं आम्हाला."

"ठेवा," वहिनी म्हणाल्या.

अंगठे झाले, फोटो झाले, सह्या झाल्या. सिस्टरांनी सही केल्यावर पेन भाचीच्या हातात दिलं, भाचीनं ते नेऊन वहिनींना दिलं. शेवटी उरली तळाची ओळ, लेखनिकाची. काका पुढं आले. त्यांची सही मी हजारो दस्तांवर पाहिली आहे. एक फरकाटा आणि त्याच्या खाली दोन टिंबं, कोणाच्या बापाला वाचता येणार नाही अशी. त्या दिवशी ते टेबलावर वाकले आणि एकेक अक्षर सुटं काढत, काना मात्रा वेलांटी सगळं जागच्या जागी देत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. मागं रांगेतला माणूस कुरकुरला, तरी त्यांनी घाई केली नाही.